निबंधमालेपासून शाळेपर्यंत : विष्णुशास्त्री चिपळूणकर

रत्नागिरीहून उत्तरेस गणपतिपुळ्याच्या वाटेला लागलें म्हणजे दहाबारा किलोमीटरांवर आरे आणि वारे हीं जोडगांवें लागतात. रस्ता टेकडीवर चढतो आणि वळणावर येतांच दोन अंगांस दोन पुळणी एकदम दृष्टीस पडतात. मध्यें टेकडीचा सोंड, किनाऱ्याला सुरूचें बन आणि पुढें क्षितिजापर्यंत पसरलेला समुद्र. येणारा जाणारा प्रवासी येथें घटकाभर थांबतो, आणि मग नेवरें, गणपतिपुळें करीत मालगुंडास जातो. मालगुंड हें केशवसुतांचें जन्मगांव. 1866 सालीं तेथें जन्मलेला हा दामल्यांचा मुलगा पुढें अनेक गांवें हिंडत हिंडत पुण्यास गेला, आणि 1889 सालीं तेथील न्यू इंग्लिश स्कुलांतून मॅट्रिकची परीक्षा उतरला.

ही शाळा पुण्याची खरी. परंतु ती काढण्याचा निश्चय ज्या एका राजीनाम्यानें पक्का झाला, तो राजीनामा याच किनाऱ्यावर, रत्नागिरी मुक्कामीं, 1879 सालीं लिहिला गेला. लिहिणारा गृहस्थ होता रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांतील एक शिक्षक, वय वर्षें एकोणतीस. महाराष्ट्र त्याला शिक्षक म्हणून फारसें ओळखत नव्हतें. एका मासिकाचा कर्ता म्हणूनच तें त्याला ओळखत होतें. तें मासिक निबंधमाला, आणि तो गृहस्थ विष्णु कृष्ण चिपळूणकर.

विष्णुशास्त्र्यांची साहित्यिक कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. मराठी गद्याला त्यांनीं नवें वळण लावलें, ‘मराठी भाषेचे शिवाजी’ ही पदवी त्यांच्या नांवाशीं जोडली गेली, हें शाळेंतील मुलेंही सांगतात. परंतु एका मासिकाचा चालक शाळा, छापखाना, चित्रांचा कारखाना, पुस्तकांचें दुकान आणि दोन वर्तमानपत्रें यांच्या स्थापनेपर्यंत कसा येऊन पोंचला, आणि तेंही अवघें बत्तीस वर्षांचें आयुष्य पुरतें न होतांच, या गोष्टीचा विचार त्या मानानें कमी झाला आहे. लेखणीच्या बळावर मिळविलेला लोकांचा विश्वास संस्थेच्या उभारणींत कसा गुंतवावा, याचा तो महाराष्ट्रांतील एक फार मोलाचा धडा आहे.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म 20 मे 1850 रोजीं पुण्यांत झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे त्या काळच्या विद्वानांत अग्रगण्य. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही विद्यांत त्यांची गति होती. मेघदूताचें मराठी रूपांतर त्यांनीं केलें, आणि अरबी भाषेंतील सुरस गोष्टी मराठींत आणण्याचा उपक्रमही त्यांचाच. शिक्षणखात्यांत त्यांचा मोठा अधिकार होता. घरांत ग्रंथ, वाद आणि विद्वानांची वर्दळ, अशा वातावरणांत हा मुलगा वाढला. डेक्कन कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें, आणि 1872 सालीं तो बी. ए. झाला. वाचन मात्र अभ्यासक्रमापेक्षां फार अधिक होतें. मेकॉले, अ‍ॅडिसन, जॉन्सन हे त्याचे आवडते इंग्रजी लेखक. जॉन्सनच्या ‘रासेलस’चें त्यानें मराठींत भाषांतर केलें.

संपादनाचें पहिलें शिक्षण विष्णुशास्त्र्यांना ‘शालापत्रक’ या मासिकांत मिळालें. हें मासिक कृष्णशास्त्र्यांकडे होतें. 1868 पासून, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून, त्याचें काम चिरंजीवांकडे आलें. कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु आणि दंडी या पांच संस्कृत कवींवरील त्यांचे निबंध याच पत्रांत प्रसिद्ध झाले. शाळांतील पंतोजींसाठीं निघालेल्या पत्रांत संस्कृत काव्याची इतकी रसाळ चर्चा येऊं लागली, हें नवलच होतें. परंतु शालापत्रक शिक्षणखात्याच्या आश्रयावर जगणारें होतें. 1875 सालीं तें बंद पडलें. दुसऱ्याच्या आश्रयावरचें पत्र त्या आश्रयाइतकेंच जगतें, हा अनुभव तरुण संपादकाला लवकरच मिळाला.

तत्पूर्वींच त्यांनीं स्वतःचें मासिक काढलें होतें. 1874 च्या जानेवारींत निबंधमालेचा पहिला अंक बाहेर पडला. विषय होता मराठी भाषेची तत्कालीन स्थिति. त्या काळच्या परिस्थितीचा विचार केला म्हणजे या आरंभाचें महत्त्व ध्यानांत येतें. इंग्रजी शिकलेल्या तरुणाला मराठींत पत्र लिहिण्याची लाज वाटावी, मराठी ग्रंथ हातीं धरणें कमीपणाचें वाटावें, आणि विद्या म्हणून जें कांहीं आहे तें सर्व परभाषेंतच आहे अशी समजूत असावी, अशी ती वेळ. या तरुणालाच विष्णुशास्त्र्यांनीं हांक मारली. गंमत अशी कीं, त्यांनीं इंग्रजी विद्येची निंदा केली नाहीं. इंग्रजी भाषेवर त्यांनीं स्वतंत्र निबंध लिहिला, जॉन्सनचें चरित्र अनेक अंकांतून विस्तारानें दिलें. ज्या विद्येनें आपले लोक दिपून गेले होते, तीच विद्या पचवून आपल्या भाषेला पुष्ट करावी, हें त्यांचें सांगणें होतें.

मालेचे एकंदर 84 अंक निघाले. सात वर्षें एका माणसानें, बहुतांशीं एकट्यानें, दरमहा लिहून एक मासिक भरावें, ही गोष्ट आजच्या संपादकांनाही सोपी वाटणार नाहीं. भाषापद्धति, विद्वत्त्व आणि कवित्व, इतिहास, वाचन, वक्तृत्व, लेखनशुद्धि, मोरोपंतांची कविता, लोकभ्रम, असे विषय एकामागून एक येत गेले. जाहिरातींचा आधार नाहीं, सरकारी वर्गणी नाहीं, कोणा संस्थानिकाची देणगी नाहीं. वाचकांनीं वर्गणी पाठवावी आणि लेखकानें अंक पाठवावा, एवढाच काय तो व्यवहार. परंतु या व्यवहारांत एक गोष्ट हळूहळू सांठत गेली. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या गांवीं असा एक वर्ग तयार झाला कीं, जो या लेखकाच्या अंकाची वाट पाहूं लागला, त्याच्या मतावर वाद घालूं लागला, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवूं लागला. पुढें विष्णुशास्त्र्यांनीं जें जें उभें केलें, त्याचें खरें भांडवल हेंच होतें.

या लेखनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विष्णुशास्त्र्यांची लेखणी तिखट होती, आणि ती पुष्कळदां न्यायाची मर्यादा ओलांडी. मिशनऱ्यांवर त्यांनीं प्रहार केले, त्याबद्दल त्यांचे वाचक संतुष्ट झाले. परंतु लोकहितवादींसारख्या ज्येष्ठ सुधारकालाही त्यांनीं सोडलें नाहीं, आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या ग्रंथांवर व सत्यशोधक समाजाच्या कार्यावर त्यांनीं जी टीका केली तींत उपहासाचाच भाग अधिक होता. फुल्यांच्या भाषेंतील व्याकरणाचे दोष त्यांना दिसले. त्या भाषेंतून बोलणारें दुःख मात्र त्यांना दिसलें नाहीं. शिक्षणाच्या इतिहासांत या गोष्टीला विशेष अर्थ आहे. कारण 1848 सालीं, विष्णुशास्त्र्यांच्या जन्मापूर्वीं दोन वर्षें, फुल्यांनीं पुण्यांतील भिडेवाड्यांत मुलींची शाळा काढली होती. स्वतः खपून शाळा काढणाऱ्या दोन माणसांमध्यें इतकें अंतर पडावें, हें त्या काळाचें दुर्दैव म्हटलें पाहिजे.

माला चालू असतांना विष्णुशास्त्री सरकारी नोकरींत होते. पुण्याच्या हायस्कुलांत ते शिकवीत. पुढें त्यांची बदली रत्नागिरीस झाली. मालेंतील मतें सरकारी अधिकाऱ्यांना रुचलीं नाहींत म्हणून ही बदली झाली, अशी समजूत त्या वेळीं होती आणि पुढेंही टिकली. कारण कांहींही असो, परिणाम स्पष्ट होता. छापखाने, मित्र, ग्रंथसंग्रह, सभा हें सर्व पुण्यांत, आणि मालाकार कोंकणच्या किनाऱ्यावर. त्या काळीं रत्नागिरीचा मुख्य दळणवळणाचा मार्ग समुद्राचा. पावसाळा सुरू झाला कीं गलबतें किनाऱ्याला ओढलीं जात आणि बंदर निजून जाई. मग घाट चढून देशावर जाणें हाच उपाय. आज आरे-वारे येथून मोटार अर्ध्या घटकेंत रत्नागिरीस पोंचते. त्या काळीं याच किनाऱ्यानें जाणाराला खाडी आली कीं तरीची वाट पाहावी लागे. अशा ठिकाणीं पाठविलेला लेखक आपोआप गप्प बसेल, असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु रत्नागिरी हें विद्येच्या दृष्टीनें ओसाड ठिकाण नव्हतें. याच गांवीं 1856 सालीं बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म झाला होता. त्यांचे वडील गंगाधरपंत हे येथेंच शिक्षक होते. कऱ्हाडाजवळच्या टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर हा गरीब मुलगा शिक्षणाच्या आशेनें पायीं चालत याच गांवीं येऊन गेला होता. पुढें ज्या दोन तरुणांशीं विष्णुशास्त्र्यांची गांठ पडावयाची होती, त्या दोघांच्याही आयुष्याचा धागा असा या गांवाला गुंतलेला होता.

देशांतील हवाही त्या वेळीं शांत नव्हती. 1876 पासूनच्या दुष्काळानें दख्खनचीं गांवें होरपळून निघालीं होतीं. 1878 सालीं देशी भाषांतील वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा लॉर्ड लिटनच्या सरकारनें केला. 1879 सालीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड मोडलें आणि ते पकडले गेले. या फडक्यांनींच वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर 1860 सालीं पुण्यांत पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा स्थापन केली होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. म्हणजे आपल्या लोकांनीं आपली शाळा काढावी, ही कल्पना पुण्यास अगदीं नवीन नव्हती. नवें होतें तें हें कीं, सरकारी नोकरींतील एक पदवीधर, नांवाजलेला लेखक, सुरक्षित पगार टाकून त्या कामास आपलें सर्व आयुष्य द्यावयास निघाला होता.

1879 सालीं विष्णुशास्त्र्यांनीं राजीनामा दिला. आज या गोष्टीचें मोल समजणें कठीण आहे. त्या काळीं बी. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी म्हणजे जन्माची शाश्वति. घराण्याची परंपराही तीच होती. कृष्णशास्त्री आयुष्यभर शिक्षणखात्यांत राहिले, तेथें मानानें वावरले, आणि 1878 सालीं निवर्तले. वडील गेल्यावर वर्ष दीड वर्षांतच थोरल्या मुलानें नोकरी सोडावी, हें आप्तेष्टांना अविचाराचें वाटलें असेल, यांत शंका नाहीं. हातांत काय होतें? एक मासिक, थोडेसे मित्र, आणि एक कल्पना. परंतु ती कल्पना त्यांच्या मालेंतूनच निघाली होती. पांच वर्षें ते वाचकांना सांगत आले होते कीं, परक्याच्या तोंडाकडे पाहूं नका, आपलें आपण उभें राहा. सांगणाऱ्यानेंच दर महिन्याच्या एक तारखेला सरकारी खजिन्याकडे पाहावें, हें त्यांच्या स्वभावास मानवणारें नव्हतें.

पुण्यास परत आल्यावर ते शाळा काढणार आहेत, ही बातमी डेक्कन कॉलेजांतील दोघां तरुणांच्या कानीं गेली. टिळक आणि आगरकर यांनीं सरकारी नोकरी न धरतां देशसेवेंत आयुष्य घालविण्याचा विचार आधींच ठरविला होता. परंतु त्या विचाराला ठाव नव्हता. ते विष्णुशास्त्र्यांकडे आले. येथें मालेचें फळ दिसतें. हे तरुण मालेवर वाढलेले होते. लेखक त्यांना भेटला नव्हता तेव्हांही तो त्यांना ठाऊक होता. एरव्हीं अशा कामासाठीं माणसें शोधावीं लागतात. येथें माणसें आपण होऊन चालत आलीं.

1880 च्या जानेवारींत पुण्यांतील एका जुन्या वाड्यांत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. आरंभीं विष्णुशास्त्री व टिळक, लगोलग महादेव बल्लाळ नामजोशी. त्याच वर्षीं संस्कृतचे गाढे पंडित वामन शिवराम आपटे येऊन मिळाले, आणि एम. ए. ची परीक्षा आटोपून आगरकरही आले. आपट्यांनीं शाळेला शिस्त लाविली, नामजोशांनीं व्यवहार संभाळला, टिळकांनीं गणित व संस्कृत शिकविलें. पगार नांवापुरता. हेतु दुहेरी होता: शिक्षण स्वस्त करावें, आणि तें आपल्या लोकांच्या हातीं ठेवावें. पहिल्या दिवशीं मूठभर असलेलीं मुलें वर्षाच्या अखेरीस शेंकड्यांनीं मोजण्याइतकीं झालीं. लवकरच शाळेचे विद्यार्थी मॅट्रिकच्या परीक्षेंत जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळवूं लागले, आणि खासगी शाळा म्हणजे नापास मुलांचा आसरा, ही लोकांची समजूत बदलली.

1882 सालीं हंटर साहेबांचें शिक्षण कमिशन मुंबई इलाख्यांत आलें. अध्यक्ष विल्यम हंटर यांनीं ही शाळा पाहिली आणि तिची वाखाणणी केली. याच कमिशनपुढें त्याच वर्षीं जोतीराव फुल्यांनींही आपलें निवेदन मांडलें. सरकार जो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करतें तो शेतकऱ्यांच्या कष्टांतून येतो, म्हणून प्राथमिक शिक्षण आधीं खेड्यापाड्यांतील बहुजनांपर्यंत गेलें पाहिजे, हा त्या निवेदनाचा आशय. एकाच वर्षीं, एकाच कमिशनपुढें पुण्याचीं हीं दोन चित्रें आलीं. न्यू इंग्लिश स्कुलाच्या बाकांवर मुख्यत्वें ज्या वर्गांचीं मुलें बसत होतीं, त्याबाहेरचा महाराष्ट्र किती मोठा होता, हें फुल्यांच्या निवेदनावरून कळतें. विष्णुशास्त्र्यांच्या कार्याचें मोजमाप करतांना ही मर्यादा लपविण्याचें कारण नाहीं. शाळा लोकांच्या मालकीची झाली ही मोठीच गोष्ट. ‘लोक’ या शब्दांत सर्व लोक येण्यास मात्र पुढें पुष्कळ वर्षें आणि निराळीं माणसें लागलीं.

शाळेबरोबर दुसरीं कामें चालूच होतीं, आणि त्यांचा परस्परसंबंध पाहिला म्हणजे विष्णुशास्त्र्यांच्या व्यवहारदृष्टीची कल्पना येते. 1878 सालीं काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक निघालें. जुन्या बखरी, पत्रें आणि काव्यें वाळवीच्या तोंडून काढून छापणें हा त्याचा उद्देश. त्याच सुमारास चित्रशाळा स्थापन झाली. घरोघरीं भिंतीवर विलायती तसबिरी लागत होत्या. त्यांच्या जागीं आपल्या देवादिकांचीं आणि ऐतिहासिक पुरुषांचीं रंगीत चित्रें आपल्याच छापखान्यांत काढावीं, म्हणजे पैसा देशांत राहील आणि मुलांच्या डोळ्यांपुढें आपलीं माणसें राहतील, असा तो विचार होता. पुढें वासुकाका जोशी यांच्या हातीं चित्रशाळेचा मोठा उत्कर्ष झाला. चांगलीं पुस्तकें वाचकाला सहज मिळावीं म्हणून किताबखाना काढला. आणि शाळा सुरू झाल्यावर वर्षाच्या आंत आर्यभूषण छापखाना उभा राहिला. या छापखान्याचे खिळे भरलेले खण टिळक आणि त्यांचे सहकारी यांनीं आपल्या हातांनीं वाहून नेले, असें पुण्यांत सांगत असत.

वरवर पाहतां हीं पांच सहा निरनिराळीं दुकानें वाटतात. परंतु मासिक चालविणाऱ्या माणसाला त्यांतील दुवा सहज दिसतो. लेखकाला छापखाना लागतो, छापखान्याला पुस्तकें लागतात, पुस्तकांना दुकान लागतें, दुकानाला गिऱ्हाईक लागतें, आणि गिऱ्हाईक म्हणजे वाचक शाळेंत तयार होतो. सात वर्षें दरमहा अंक काढतांना कोठें अडतें, कोणावर अवलंबावें लागतें, हें विष्णुशास्त्र्यांनीं जवळून पाहिलें होतें. जेथें जेथें दुसऱ्याच्या दाराशीं जावें लागलें, तेथें तेथें त्यांनीं आपलें दार बांधावयास घेतलें. नफा हा त्यांचा हेतु नव्हता. परंतु देणगीवर जगणें हेंही त्यांना पसंत नव्हतें. लोकांना उपयोगी पडेल आणि स्वतःच्या पायावर उभें राहील असें काम, हाच त्यांच्या मनांतला धंदा.

1880 च्या उत्तरार्धांत दोन नव्या वर्तमानपत्रांचें जाहीरपत्रक निघालें. त्यावर विष्णु कृष्ण चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, वामन शिवराम आपटे, गोपाळ गणेश आगरकर, महादेव बल्लाळ नामजोशी आणि गणेश कृष्ण गर्दे अशीं सहा नांवें होतीं. 2 जानेवारी 1881 रोजीं इंग्रजी ‘मराठा’ आणि 4 जानेवारीस मराठी ‘केसरी’ बाहेर पडला. केसरीचे पहिले संपादक आगरकर. विष्णुशास्त्री त्यांत वाङ्मय, इतिहास आदि विषयांवर लिहीत. मालेचा शेवटचा निबंध ‘आमच्या देशाची स्थिति’ याच सुमाराचा. परतंत्र देशाच्या दुःखाचें इतकें उघड विवेचन त्यांत होतें कीं, लेखकाच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनीं, 1910 सालीं, सरकारनें तो निबंध जप्त केला. 1937 सालीं लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आलें तेव्हां ती बंदी उठली. मेलेल्या माणसाच्या लेखाचें राज्यकर्त्यांना भय वाटावें, याहून लेखकाचा दुसरा गौरव कोणता?

परंतु हें वैभव पाहण्यास विष्णुशास्त्री राहिले नाहींत. केसरी व मराठा यांनीं कोल्हापूरच्या छत्रपति शिवाजी महाराजांना होणाऱ्या वागणुकीबद्दल तेथील कारभाऱ्यांवर जे लेख लिहिले, त्यांवरून खटला उभा राहिला. तो चालू असतांनाच, 17 मार्च 1882 रोजीं, अल्प आजारानें विष्णुशास्त्र्यांचा अंत झाला. वय बत्तीसही पुरें झालेलें नव्हतें. जुलै महिन्यांत टिळक व आगरकर यांना शिक्षा होऊन ते डोंगरीच्या तुरुंगांत गेले. शाळा सुरू होऊन सव्वादोन वर्षेंच झालीं होतीं. संस्थापक गेला, दोन मुख्य आधार तुरुंगांत. नवी खासगी संस्था मोडण्यास याहून कमी कारणें पुरतात.

शाळा मोडली नाहीं. हीच या चरित्रांतील सर्वांत मोठी गोष्ट आहे. निबंधमाला एका माणसाची होती. तो थांबतांच ती थांबली. शाळा मात्र पहिल्या दिवसापासून अनेकांची होती. विष्णुशास्त्र्यांनीं आपल्याभोंवतीं जीं माणसें घेतलीं तीं त्यांच्या मतांचे पडसाद नव्हतीं. टिळक आणि आगरकर यांची मतें पुढें किती दूर गेलीं, हें महाराष्ट्र जाणतो. धर्म व समाजसुधारणा यांविषयीं आगरकरांनीं जें लिहिलें, तें मालाकारांना कधींच पटलें नसतें. तरीही ज्या शाळेंत हे दोघे एकत्र शिकवूं शकले, ती शाळा मालेपेक्षां मोठी होती. 24 ऑक्टोबर 1884 रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि 2 जानेवारी 1885 रोजीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. आपटे त्याचे पहिले प्रिन्सिपॉल, त्यांच्यामागून आगरकर. आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर काम करावें, ही शिस्त घालून दिली गेली. एका माणसाचा त्याग पुरता नाहीं, त्यागाचा नियम झाला पाहिजे, हें या मंडळींना संस्थापकाच्या अकाली मृत्यूनेंच शिकविलें असेल.

या संस्थेकडे रत्नागिरी जिल्ह्यानें कसा माणसांचा ओघ धाडला, हेंही पाहण्यासारखें आहे. कोतळूक येथें जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले 1885 सालीं न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले. मुरुडचे धोंडो केशव कर्वे 1891 सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास आले, आणि तेथून स्त्रीशिक्षणाच्या कार्यास लागले. म्हणजे विष्णुशास्त्र्यांनीं ज्या प्रश्नाकडे पाहिलें नव्हतें, त्याचें उत्तर शोधणारा माणूस त्यांच्याच संस्थेच्या परिवारांतून निघाला. संस्था उभारणाराला मिळणारें हें बक्षीस विलक्षण असतें. त्याच्या चुका दुरुस्त करणारीं माणसेंही त्याच्याच अंगणांत वाढतात.

विद्यार्थ्यांतही तेंच झालें. हरि नारायण आपटे हे या शाळेचे आरंभींचे विद्यार्थी. गुरूच्या निधनाचें दुःख अनावर होऊन या अठरा वर्षांच्या मुलानें 1882 सालीं ‘शिष्यजनविलाप’ हें काव्य रचलें. पुढें मराठी कादंबरीला त्यांनींच प्रौढपण आणलें. आणि मालगुंडच्या केशवसुतांनीं मराठी कवितेची वाट बदलली. विष्णुशास्त्र्यांना मोरोपंतांची कविता प्रिय. केशवसुतांची कविता त्यांना आवडली असती कीं नाहीं, कोण जाणे. कदाचित् त्यांनीं तिच्यावरही एखादा झणझणीत निबंध लिहिला असता. पण ती लिहिणाऱ्या मुलाला इंग्रजी काव्याची ओळख, स्वतःच्या भाषेचा अभिमान आणि जुन्याशीं भांडण्याचें धैर्य हें जें लागतें, तें ज्या छपराखालीं मिळालें, तें छप्पर त्यांनींच घातलें होतें.

आरे-वाऱ्याच्या टेकडीवरून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे रत्नागिरी आहे, उत्तरेकडे मालगुंड. या पंचवीसतीस किलोमीटरांच्या पट्ट्यांत एका माणसाचा राजीनामा आणि एका कवीचा जन्म, या दोन गोष्टी घडल्या. त्यांची गांठ मात्र घाटापलीकडे पुण्यांत, एका शाळेच्या वर्गांत पडली. ती शाळा आजही चालू आहे. 1879 सालीं रत्नागिरीच्या त्या शिक्षकानें नोकरी सांभाळून माला चालविली असती, तर मराठी भाषेला आणखी कांहीं सुंदर निबंध मिळाले असते. त्यानें नोकरी सोडली, म्हणून निबंध लिहूं शकणाऱ्या आणि त्यांचें खंडन करूं शकणाऱ्या पिढ्या मिळाल्या.